पट्टीचा लॉग : कन्सोलच्या ओळी सुधारण्याच्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

आजपासून या कामाची वेगळी वही. प्रोग्राम चालताना काय घडतंय ते ओळींनी लिहितो, तो लॉग; त्या ओळी लिहिण्याची सोय म्हणजे कन्सोल. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातले काही आडते आमचं पट्टीचं सॉफ्टवेअर वापरतात. माल उतरला, काट्यावर तोल झाला, भाव ठरला, की हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, पडते. गाळ्यावरच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर, मागे नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) चालणारा सर्व्हर, दोन्हीकडे टाइपस्क्रिप्ट, म्हणजे माहितीचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट.

काल रविवार होता, आवकेचा मोठा दिवस. पहाटेच फोन सुरू झाले : पट्टीत हमाली दोनदा कापली आहे. सपोर्टच्या ताईंनी सर्व्हरचा लॉग उघडला. त्यात ‘सेव्ह झालं’, पुन्हा ‘सेव्ह झालं’, मग ‘इथे आलो’, ‘अनडिफाइन्ड’ आणि खाली चौकटी कंसात नुसतं ‘ऑब्जेक्ट’. पट्टी कुणाची, गाळा कुठला, दोन ओळी एकाच पट्टीच्या की दोन वेगळ्या, यातलं काही कळायला मार्ग नव्हता. ‘बघून सांगते’ यापलीकडे त्या शेतकऱ्याला काय सांगणार?

लॉग लिहितो आम्ही, वाचावा लागतो त्यांना. म्हणून कामाची कसोटी एकच ठेवतो : पहाटे फोन आला तर कोड न उघडता आणि कुणाला झोपेतून न उठवता ताईंना लॉगवरून शेतकऱ्याला उत्तर देता आलं पाहिजे. लायब्ररी कोणती, रंग कोणते, फॉरमॅट कुठला, हे सगळं त्यानंतर.

मुदत गणपतीच्या आधीची. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. झेंडू आणि शेवंतीची आवक त्याच्या आधीच्या दिवसांत उसळते, आणि फूलबाजारातले गाळेही आता आमच्याकडे आहेत.

१६ जुलै, बुधवार

ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा ‘नो-कन्सोल’ (कोडमध्ये कन्सोलच्या ओळी नकोत) हा नियम चालू केला, पण फक्त इशारा म्हणून. आत्ताच एरर केला तर सगळे घाईघाईने ओळी पुसतील आणि त्यातली कामाची माहितीही जाईल. प्रत्येक ओळ पुसण्याआधी ती कुणी, कोणता प्रश्न पडला म्हणून लिहिली होती, हे बघायचं ठरलं आहे. बऱ्याच ओळी बांधकामाच्या परांचीसारख्या आहेत, काम झालं तरी उतरवायच्या राहिलेल्या. त्या जातील. पण काही ओळी खऱ्या घटना सांगतात, फक्त अपुऱ्या शब्दांत, आणि त्यांच्यावरच मेहनत घ्यायची आहे.

नव्याने आलेल्या मुलाला एक गोष्ट समजावून सांगितली, ती इथेही लिहून ठेवतो. नोडमध्ये कन्सोल.लॉग, कन्सोल.इन्फो आणि कन्सोल.डीबग एकाच वाटेने जातात, स्टँडर्ड आउटपुटवर. कन्सोल.वॉर्न आणि कन्सोल.एरर स्टँडर्ड एररवर. म्हणजे सर्व्हरवर ‘डीबग’ लिहिल्याने ओळ आपोआप लपत नाही. क्रोममध्ये मात्र डीबगच्या ओळी ‘व्हर्बोज’ पातळी चालू केल्याशिवाय दिसत नाहीत. आमचा अर्धा कोड ब्राउझरमध्ये आणि अर्धा नोडवर असल्याने या एका फरकामुळे पुष्कळ गैरसमज होतात.

१८ जुलै, शुक्रवार

आज त्या ‘ऑब्जेक्ट’चा छडा लावला. नोड वस्तू (ऑब्जेक्ट, म्हणजे एकत्र बांधलेली माहिती) छापताना पोटात दोनच पातळ्या उतरतो, त्याखालचं कंसात झाकून टाकतो. आमच्या पट्टीत मालाच्या ओळींची यादी, यादीत एकेक ओळ, आणि ओळीच्या पोटात वजावटी. हमाली नेमकी झाकलेल्या पातळीवर! ज्या आकड्यासाठी शेतकरी फोन करतो, तोच लॉगमध्ये कधी छापलाच जात नव्हता. कन्सोल.डिर या वस्तू छापणाऱ्या हाकेला खोली ‘नल’ (मर्यादा नाही) दिली तर तळापर्यंत सगळं दिसतं. आपल्या मशीनवर तपासताना ते ठीक आहे. सर्व्हरवर मात्र अख्खी पट्टी ओतण्यापेक्षा हवे तेवढे आकडे नावानिशी काढून लिहिणं बरं. मोठ्या याद्याही नोड शंभर घटकांनंतर तोडतो आणि पुढे ‘आणखी इतके’ एवढंच लिहितो.

ब्राउझरची अडचण उलटी आहे. तिथे वस्तू दिसते, पण कुठल्या क्षणाची? डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरच्या तपासणी खिडकीत) बाण दाबून वस्तू उघडली की त्या घडीला तिच्यात जे आहे ते दिसतं, ओळ लिहिली तेव्हाचं नव्हे. मधल्या वेळात भाव बदलला असेल तर लॉगवर नवा भाव दिसतो आणि माणूस भलत्याच दिशेने शोधत बसतो. त्या क्षणाची प्रत हवी तर स्ट्रक्चर्डक्लोन करून छापायचं, किंवा निव्वळ आकडा छापायचा.

सर्वांत जास्त चिंता कॅच ब्लॉकांची, म्हणजे बिघाड पकडणाऱ्या कोडची, वाटते. बऱ्याच ठिकाणी एरर जेसन.स्ट्रिंगिफायमधून (वस्तूचा मजकूर बनवणारं फंक्शन) काढून लिहिली आहे, आणि तशी लिहिली की हाती दोन रिकामे महिरपी कंस येतात. एररचा संदेश आणि स्टॅक (बिघाड कोडमध्ये कुठे झाला त्याचा माग) हे गुणधर्म मोजदादीत न येणारे असल्यामुळे स्ट्रिंगिफाय त्यांना घेतच नाही. वाक्यात एरर गुंफली तर संदेश येतो, पण स्टॅक जातो. म्हणजे बिघाड झाला एवढं कळतं; कुठे झाला, हे कळत नाही. या सगळ्या जागा आधी दुरुस्त करायच्या. शिवाय एक एरर पकडून दुसरी फेकताना मूळची ‘कॉज’ म्हणून सोबत द्यायची. ही सोय भाषेतच २०२२ पासून आहे.

२२ जुलै, मंगळवार

लॉगच्या ओळींच्या गांभीर्याच्या पातळ्यांवर बराच वाद झाला आणि तो व्हायला हवाच होता. सिसलॉग या लॉगपद्धतीच्या आरएफसी ५४२४ या मानकात शून्य ते सात अशा आठ पातळ्या आहेत, पिनो या नोडच्या लॉग लायब्ररीत सहा. आम्ही चार घेतल्या आणि प्रत्येकीची व्याख्या, कुणी काय करायचं, यावर बांधली. ‘एरर’ म्हणजे कुणीतरी आत्ता उठून काहीतरी केलंच पाहिजे. ‘वॉर्न’ म्हणजे आज दिवसभरात बघायला हवं. ‘इन्फो’ म्हणजे व्यवहारात काहीतरी घडलं : पट्टी झाली, तोल दुरुस्त झाला, पैसे दिले. ‘डीबग’ फक्त आमच्यासाठी.

वाद काट्यावरून होता. इलेक्ट्रॉनिक काटा कधी कधी स्थिर आकडा द्यायला वेळ लावतो. आजवर ती एरर म्हणून लिहिली जायची आणि सकाळभर लॉग लाल. पण दिवाणजी पुन्हा बटण दाबतात आणि काम पुढे जातं. कुणी उठून काही करायचं नसेल तर ती एरर कसली? ती डीबगमध्ये टाकली. लागोपाठ आकडा आलाच नाही, तर वॉर्न. खोट्या एररी इतक्या असतील तर खरी आली तरी तिच्याकडे लक्ष जात नाही.

२५ जुलै, शुक्रवार

सर्व्हरसाठी पिनो घेतलं. प्रत्येक नोंद एका ओळीत, जेसनमध्ये (रकान्याचं नाव आणि त्यातली माहिती अशा जोड्यांत). त्यामुळे ‘या गाळ्याच्या आजच्या सगळ्या एररी’ असं विचारता येतं, ओळींच्या ढिगातून डोळ्यांनी वेचावं लागत नाही. आपल्या मशीनवर वाचायला पिनो-प्रिटी. एरर ‘एर’ या नावाने दिली की तिचा प्रकार, संदेश, स्टॅक सगळं नीट उतरतं, म्हणजे १८ तारखेचं दुखणं इथे मुळातूनच संपतं.

ब्राउझरमध्ये कन्सोलच ठेवला. तिथे कन्सोलभोवती स्वतःच्या फंक्शनचं वेष्टन लिहिलं की ओळीच्या उजवीकडे फाइल आणि ओळक्रमांक त्या वेष्टनाचा दिसतो, हाक जिथून आली तिथला नाही. त्याऐवजी कन्सोलची पद्धतच ‘बाइंड’ करून, पुढे गाळ्याचं नाव चिकटवून दिली, की मूळ जागा टिकते. सर्व्हरवर सोर्समॅप चालू केले, नाहीतर स्टॅक टाइपस्क्रिप्टऐवजी तयार झालेल्या जावास्क्रिप्टकडे बोट दाखवतो.

२९ जुलै, मंगळवार

दोन ‘सेव्ह झालं’ एकाच पट्टीचे की वेगळ्या, हा पहिल्या दिवसाचा प्रश्न. त्यासाठी प्रत्येक कृतीला क्रमांक हवा. क्रमांक सर्व्हरवर, विनंती पोचल्यावर द्यावा अशी सूचना होती. मी नको म्हटलं. तो गाळ्यावर बटण दाबताना तयार व्हायला हवा आणि तीच कृती नेट तुटल्याने पुन्हा पाठवली गेली तरी तोच राहायला हवा. नाहीतर एकाच माणसाने एकदाच केलेलं काम लॉगमध्ये दोन अनोळखी ओळी होऊन दिसेल.

सर्व्हरवर हा क्रमांक प्रत्येक फंक्शनच्या हातून पुढे देत बसायची गरज नाही. नोडमधलं असिंकलोकलस्टोरेज तो त्या विनंतीपुरता धरून ठेवतं, मध्ये कितीही ‘अवेट’ (उत्तराची वाट पाहणं) आले तरी. पिनोच्या ‘मिक्सिन’मधून तो प्रत्येक ओळीत आपसूक येतो.

आणि हा क्रमांक पट्टीवर, खाली डाव्या कोपऱ्यात छापायचा. ताईंनी सुचवलं आणि ऐकताक्षणी पटलं. शेतकरी फोनवर तेवढे आकडे वाचून दाखवेल. म्हणून त्यात फक्त अंक, अक्षरं नाहीत. गाडीच्या आवाजात बी आणि डी कुणाला वेगळे ऐकू येणार?

१ ऑगस्ट, शुक्रवार

टाइपस्क्रिप्टचा खरा उपयोग आज झाला. लॉगमध्ये वाटेल ते वाक्य लिहायचं बंद. घटनांची एक यादी केली आणि प्रत्येक घटनेसोबत कोणती माहिती हवीच, ते टाइपमध्ये बांधून टाकलं. ‘पट्टी-जतन’ लिहायची तर पट्टीक्रमांक, गाळा, एकूण रक्कम आणि वजावट द्यावीच लागते. एक जरी राहिलं तरी कोड कंपाइल होत नाही. पहाटे ‘अनडिफाइन्ड’ सापडण्यापेक्षा दुपारी एडिटरमध्ये लाल रेघ दिसलेली बरी.

घटनांची नावं यार्डातल्या बोलीतली आणि देवनागरीत : पट्टी-जतन, तोल-दुरुस्ती, भाव-बदल, उचल-दिली. इंग्रजी नावांचा आग्रह होता, तोही समजण्यासारखा, कारण बाकी सगळा कोड इंग्रजीत आहे. पण या ओळी वाचणाऱ्यांच्या तोंडी हेच शब्द आहेत. जेसनला देवनागरीचं काही वावडं नाही, स्ट्रिंगिफाय ती आहे तशी लिहितं.

कॅचमधल्या एररचा प्रकार आता सगळीकडे ‘अननोन’ (तपासल्याशिवाय वापरता न येणारा). स्ट्रिक्ट (कडक तपासणी) चालू असेल तर टाइपस्क्रिप्ट ४.४ पासून हेच होतं; आमच्या जुन्या कॉन्फिगमध्ये ते बंद होतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

जुन्या ओळी वाचताना मोबाइल नंबर आणि बँक खात्यांचे क्रमांक उघडे सापडले. शेतकऱ्याने ते पैसे जमा व्हावेत म्हणून दिले आहेत, आमच्या लॉग फाइलमध्ये पडून राहायला नव्हे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे गैरच होतं. पिनोच्या ‘रिडॅक्ट’मध्ये हे रकाने दिले, ते आता झाकून येतात. मात्र रिडॅक्ट फक्त रकान्यांवर चालतं. संदेशाच्या वाक्यात कुणी नंबर गुंफला तर ते त्याला दिसत नाही. त्यासाठी लॉगच्या संदेशात टेम्प्लेट लिटरल (वाक्यात किंमत गुंफायची सोय) वापरायलाच लिंटमधून बंदी केली.

नाव ठेवायचं का, यावर ताई अडून होत्या. ‘अहो, शेतकरी आधी नावच सांगतो हो.’ म्हणून जुन्या लॉगमध्ये नावाने शोधून पाहिलं आणि एक वेगळीच अडचण दिसली. ‘गोऱ्हे’ आडनाव शोधलं तर काही ओळी मिळाल्या, काही डोळ्यांसमोर असूनही मिळेनात. तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं सारखी करायची पद्धत) या दोघांना एक करत नाही. कुऱ्हाडे, बऱ्हाटे, गोऱ्हे यांनी फक्त आडनावामुळे लॉगमध्ये सापडू नये, हे मला मान्य नाही.

तेव्हा लॉगमध्ये नाव नाही, आमच्याकडच्या नोंदीतला खातेक्रमांक (बँकेचा नव्हे). नावावरून खातेक्रमांक शोधायचं काम सपोर्टच्या पडद्यावर. तिथे दोन्ही लेखनं एकरूप करून मगच शोध घेतला जातो. ताईंना पटलं.

लॉग किती दिवस ठेवायचे तेही ठरलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस म्हटलं आहे, तेवढेच ठेवायचे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

ताईंना नवा लॉग दाखवला आणि आम्ही गप्प बसलो. त्या एकेक ओळ मोठ्याने वाचत गेल्या. ‘पट्टी-जतन अयशस्वी’ या ओळीवर थांबल्या.

‘म्हणजे पट्टी गेली की राहिली?’

‘सर्व्हरवर साठवली गेली नाही, ताई.’

‘ते कळलं. पण गाळ्यावर कागद छापून झालाय का? शेतकऱ्याच्या हातात आहे का? दिवाणजींनी परत करायची की आपोआप होणार? मला त्याला हे सांगायचंय.’

सगळ्या प्रकल्पात एवढं मोलाचं बोलणं दुसरं झालं नाही. आमची ओळ यंत्राला काय झालं ते सांगत होती. त्यांना हवं होतं माणसाच्या कामाचं काय झालं ते. आजच वॉर्न आणि एररच्या प्रत्येक घटनेला दोन रकाने सक्तीचे केले : ‘परिणाम’ आणि ‘पुढे-काय’. ‘पट्टी छापली, साठवली नाही’ आणि ‘आपोआप पुन्हा पाठवली जाईल’. टाइपमध्येच असल्यामुळे आता कुणालाही हे लिहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही, आणि लिहिताना आधी स्वतःला विचारावं लागतं की खरंच पुढे काय होणार आहे. दोन ठिकाणी हा रकाना भरता येईना, कारण कोडमध्ये पुढे काहीच केलेलं नव्हतं. ते काम वेगळं काढलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

वेळ. पहाटे ५.१० ची पट्टी लॉगमध्ये आदल्या दिवशीच्या रात्री २३.४० ची दिसते, कारण साठवण यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे आणि आपण साडेपाच तास पुढे. पिनो तर मुळात मिलिसेकंदांचा आकडाच लिहितं. साठवताना यूटीसीच, ताईंच्या पडद्यावर भारतीय वेळ. यार्डाचं कामच पहाटेचं असल्याने तारखेची चूक इथे रोजची ठरली असती.

१८ ऑगस्ट, सोमवार

हमालीचं कोडं सुटलं, आणि लॉगनेच सोडवलं. काल एका पट्टीच्या दोन ओळी सापडल्या, कृतिक्रमांक एकच, मध्ये काही सेकंदांचं अंतर. गाळ्यावरचं मोबाइल नेट अडखळलं, ब्राउझरला उत्तर वेळेत मिळालं नाही, त्याने विनंती पुन्हा पाठवली. सर्व्हरने पहिली आधीच साठवली होती. पट्टीची नोंद तिच्यावरच पुन्हा लिहिली गेली, म्हणून पट्टी एकच दिसली. हमालीची ओळ मात्र नव्याने जोडली गेली. आता सर्व्हर आधी कृतिक्रमांक बघतो. काम झालेलं असेल तर पहिलंच उत्तर परत देतो आणि ‘पुन्हा-आली’ अशी इन्फो नोंद करतो. ज्या शेतकऱ्यांची हमाली जास्त कापली गेली, त्यांची यादी आडत्यांना पाठवली आहे, फरक पुढच्या पट्टीत देतील.

पिनोने असिंक्रोनस (बाकी काम न थांबवता, मागाहून) लिहावं का, हा प्रश्न आला. लिनक्सवर पाइप आणि टर्मिनलवरचं लेखन सिंक्रोनस असतं, म्हणजे ओळ लिहून होईपर्यंत बाकी काम थांबतं. पण असिंक्रोनस केलं आणि प्रोसेस मध्येच कोसळली, तर शेवटच्या ओळी जातात, आणि कोसळण्याचं कारण त्याच ओळींत असतं. ओळीच कमी झाल्यामुळे वेगाची अडचण आता उरलेली नाही. आहे तसंच ठेवलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

‘नो-कन्सोल’ आता एरर. सर्व्हरवर सवलत नाही, ब्राउझरमध्ये फक्त वॉर्न आणि एररला.

बिल्डमध्ये (अंतिम कोड बनवताना) ईएसबिल्ड या साधनाचा ‘ड्रॉप कन्सोल’ लावायचा प्रस्ताव होता, तो नाकारला. त्याने कन्सोलच्या सगळ्या हाका जातात, एररसुद्धा, आणि कंसात लिहिलेलंही सोबत जातं. एका ठिकाणी कंसात पावतीचा क्रमांक वाढवणारं फंक्शन होतं. ते उडालं असतं तर दोन पावत्यांना एकच क्रमांक लागला असता. त्याऐवजी लॉग आणि डीबग ‘प्युअर’ (स्वतःचा परिणाम नसलेल्या हाका) म्हणून सांगितले. मिनिफाय (कोड आटोपशीर) करताना हाक जाते, कंसातलं परिणाम करणारं काम राहतं. ते फंक्शनही बाहेर काढून वेगळ्या ओळीत ठेवलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

काल फूलबाजारात झेंडूच्या गाड्यांची रांग. फोनही तसेच. ताईंनी बहुतेकांना तिथल्या तिथे उत्तर दिलं : क्रमांक विचारला, ओळ काढली, हमाली किती, तोल किती, पैसे कधी, सगळं वाचून सांगितलं. आमच्यापैकी कुणाला पहाटे फोन आला नाही.

एकाचं उत्तर मात्र देता आलं नाही. शेवंतीच्या एका क्रेटचं वजन काट्यावर वेगळं दिसलं आणि पट्टीत वेगळं आलं, असं शेतकऱ्याचं म्हणणं. काट्यावरून आलेले आकडे आम्ही डीबगमध्ये ठेवले होते आणि सर्व्हरवर डीबग साठवत नाही. तो खरं बोलतोय की त्याला तसं वाटलं, हे सांगणारी ओळच नाही. पट्टीत गेलेला तोल आणि काट्याने दिलेला शेवटचा स्थिर आकडा, दोन्ही ‘तोल-नोंद’ म्हणून इन्फोत आणायचे, वेगळे असतील तर वॉर्न. ‘परिणाम’च्या रकान्यात काय लिहायचं ते ताईंना विचारून घेतलं आहे. उद्या पहाटेच्या आवकेआधी हे सर्व्हरवर जायला हवं, आत्ता तेच करायला बसतो.